कूलरसमोरचा टीव्ही

टीव्ही घरात येण्याच्या पंधरा दिवस आधी मी हॉलच्या भिंतीवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवली होती. पासष्ट इंची टीव्ही म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पासष्ट इंच, आडवा नव्हे, हे मी तेव्हा घरातल्या आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत असे. आडवा तो सत्तावन्न इंच भरतो, उभा बत्तीस. तेवढा कागद बरोब्बर कापून भिंतीवर लावला आणि समोर बसून मी त्याच्याकडे बघत राहिलो. बायको पोळ्या टाकता टाकता बाहेर डोकावली.

"काय लागलंय?" तिनं विचारलं.

"चित्र बघत नाही मी. अंतर बघतोय."

"बरं," ती म्हणाली, "मला इथून बेसा भागातल्या फ्लॅटची जाहिरात आणि दोन निधनवार्ता दिसतात."

नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं क्वालिटी विभागात काढली. दुसऱ्यांनी बनवलेला माल मापायचा आणि केसाइतका फरक निघाला तर बाजूला काढायचा, एवढंच माझं काम. अशा कामानं माणूस हळूहळू स्वतःला चुकांच्या पलीकडचा समजू लागतो. निवृत्त झाल्यावर मापायला काही उरलं नाही, म्हणून मी टीव्ही घ्यायचं ठरवलं. खरं कारण तेच. घरच्यांना मात्र मी सांगितलं की आईला आता जुन्या छोट्या टीव्हीवरचं नीट दिसत नाही. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली होती आणि तिला गल्लीच्या टोकाशी उभा असलेला भाजीवाला कोणता, हे दारातून ओळखू येत होतं. पण कारण चांगलं होतं, त्यामुळे कोणी विरोध केला नाही.

वडील गेल्यावर आई गावाहून आमच्याकडे प्रताप नगरला आली. घरात दोन खोल्या आहेत. एक आमची आणि एक मुलाची. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी असतो, ती खोली वर्षातले अकरा महिने रिकामीच. त्या खोलीत आईनं राहावं म्हणून आम्ही खूप सांगून पाहिलं, पण तिला खोलीत कोंडल्यासारखं होतं. तिनं हॉलमधला खिडकीखालचा दिवाण धरला तो धरलाच. बसणं तिथे, निजणं तिथे, देवाचं नाव घेणं तिथे आणि आल्यागेल्याची चौकशीही तिथूनच. आमच्या घरी येणारा माणूस आधी तिला भेटतो, मग वेळ उरला तर आम्हाला.

तर टीव्हीची उंची ठरवायची म्हणून मी टेप घेऊन दिवाणाशी गेलो. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला पडद्याचा मध्य यायला हवा, असा नियम मी कुठेतरी वाचला होता. मी खाली वाकून जमिनीपासून आईच्या डोळ्यांपर्यंत टेप धरला.

"काय मोजून राहिला गा?" आईनं विचारलं.

"तुझी उंची."

"बसवून?" ती म्हणाली. "तिरडीचं माप असं नाही घेत बापा, निजवून घेतात."

बायको आत पोळपाटावर हसत सुटली. मी शांतपणे आकडा वहीत लिहिला. एकेचाळीस इंच. हॉलमध्ये एका भिंतीला दार आणि चपलांचं कपाट, दुसरीला स्वयंपाकघराची वाट आणि देव्हारा, तिसरीला खिडकी. चौथी भिंत खिडकीच्या समोरची, अख्खी मोकळी. टीव्ही तिथेच जाणार हे उघड होतं. अडचण एकच, खिडकीचा उजेड पडद्यावर पडला असता. मी तीन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ ऊन कुठपर्यंत येतं ते खडूनं फरशीवर आखलं आणि जाड पडदे शिवून घेतले. आपण किती पुढचा विचार करतो, या विचारानं त्या दिवसांत मला रोज नवी भूक लागत असे.

डिसेंबरात टीव्ही आला. बसवायला आलेल्या दोघांनी भिंतीला भोकं पाडली तेव्हा मी स्पिरिट लेव्हल घेऊन मागेच उभा होतो. त्यांतला एक शेवटी म्हणाला, "काका, तुम्हीच बसवून घ्या ना, आम्ही चहा पितो." बायकोनं कुंकवाची कोयरी आणली. ती पडद्याच्या दिशेनं निघालेली पाहून मी दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिलो. पुष्कळ वाटाघाटी झाल्या आणि अखेर स्वस्तिक खोक्यावर काढलं. नारळ मात्र मी अंगणात फोडायला लावला, कारण पाणी उडतं.

पहिले आठ दिवस आमच्याकडे मूल झालेल्या घरासारखी माणसं येत होती. मी प्रत्येकाला आधी योग्य अंतरावर बसवत असे. कोणी पुढे सरकलं की मागे घेत असे. दुकानात या टीव्हीवर समुद्राखालचे मासे पोहत होते, त्यांचे खवलेसुद्धा मोजता येत होते. घरी आमच्या केबलवर मालिका लागली, तर नायिकेच्या गालावरची पावडर कुठे संपते आणि मान कुठे सुरू होते, तेवढंच काय ते स्पष्ट दिसलं. मी रंग कमी केले, जास्त केले, सिनेमा मोड, खेळ मोड, काय काय करून पाहिलं. पाहुणे चिवडा खात माझं बोट बघत बसत. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तशी आमच्या हॉलची गत झाली होती, पण ते मला सांगणार कोण?

खरा आनंद झाला तो आईला. तिला मोड बिड काही नको होतं. बातम्यांत शेतं दिसली की ती पुढे सरकून पीक ओळखायची. "थे पाह्य, तुरीले फूल आलं." नायिका रडायला लागली की म्हणायची, "हिच्या हनुवटीवर मुरूम आहे वं, म्हनून रडून राहिली." भाजीवाल्यालाही ती दारातून सांगायची, माझ्या पोरानं भिंतीएवढा टीव्ही आणला. मी ते आतून ऐकायचो आणि उगाच रिमोट पुसायचो.

टीव्ही पुसण्याचा मान फक्त मला होता. त्यासाठी वेगळं मऊ कापड होतं, ते वेगळ्या डब्यात होतं आणि तो डबा कुठे ठेवला आहे हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

मार्चमध्ये एका सकाळी मी तेच कापड हातात घेऊन उभा होतो. बायको म्हणाली, "जिन्याखालून कूलर काढायचा ना यंदा? ऊन तापायला लागलं."

मी खिडकीकडे बघितलं. मग टीव्हीकडे बघितलं. मग पुन्हा खिडकीकडे.

नागपूरच्या माणसानं घराची आखणी करताना कूलर विसरावा, म्हणजे लग्नपत्रिका वाटून झाल्यावर नवरदेवाला कळवायचं राहून जावं तसं झालं. आमच्या हॉलला खिडकी एकच. तिचे गज पूर्वीच कापलेले; दर उन्हाळ्यात बाहेरच्या लोखंडी स्टँडवर कूलर बसतो आणि त्याचा झोत जातो तो थेट समोरच्या भिंतीवर. याच कारणानं दरवर्षी आईचा दिवाण उन्हाळ्यात खिडकीखालून उचलून त्या समोरच्या भिंतीला लागतो. मी सूर्याचा विचार केला होता, डोळ्यांच्या उंचीचा केला होता, भिंतीतल्या विटांचा केला होता. जे यंत्र वर्षातले चार महिने आमच्या कानाशी घोंघावतं, ते मात्र मला आठवलं नाही, कारण डिसेंबरात ते जिन्याखाली गोणपाटात गुंडाळलेलं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण शाळेत मी वाक्यात उपयोग करून लिहिली होती. आता तिचा अर्थ कळला.

मग मी चालढकल सुरू केली. "अजून कुठे गरम होतंय?" असं कपाळाचा घाम पुसत म्हणायचो. पाडवा गेला. गल्लीतले सगळे कूलर लागले, त्यांचा घोंघाट आमच्या बंद पडद्यांमधून आत यायचा. आई पदरानं वारा घेत बसायची आणि काही म्हणायची नाही. एसी मुलाच्या खोलीत होता. तिथे चल म्हटलं तर ती म्हणायची, "मले एसी सोसत नाही गा. हाडं दुखतात माझे."

रामनवमीनंतर बायकोनं स्वतःच गोणपाट सोडलं. टाकीला आतून रंग लागला, गवताच्या नव्या ताट्या बसल्या, दिवाण समोर टीव्हीखाली सरकला. दरवर्षीप्रमाणे पहिली बादली आईनं ओतली. पंप सुरू झाला, ताट्यांवरून पाणी झिरपायला लागलं आणि ओल्या गवताचा वास घरभर पसरला. आईनं पाय लांब केले आणि डोळे मिटून म्हणाली, "आता कसं जिवात जीव आला."

अर्ध्या तासानं मी पडद्यावर विजेरी मारली. बारीक थेंब. आमचं पाणी बोअरचं, जड. थेंब वाळले तिथे पांढरे ठिपके. मी ते पुसले, पुन्हा आले. टीव्हीसोबत आलेली पुस्तिका काढून वाचली, त्यात दमट हवेपासून दूर ठेवा असं स्पष्ट छापलेलं होतं. ती मी मोठ्यानंही वाचून दाखवली, पण कूलरवर परिणाम झाला नाही.

त्यानंतरच्या दहा दिवसांत मी काय काय केलं ते सांगायची आज लाज वाटते, पण सांगतो. कूलरच्या झडपा वर वळवल्या, तर वारा छताला जाऊन पंख्याला भेटला. मध्ये दोरी बांधून चादर सोडली, तर हॉलमध्ये धर्मशाळेची कळा आली. बायकोनं जुन्या चादरीची खोळ शिवून दिली. ती घातली की टीव्ही बुरख्यात, काढली की धोक्यात. म्हणजे गार हवा हवी तर टीव्ही नाही आणि टीव्ही हवा तर हवा नाही. आईनं दुपारची मालिका आपण होऊन सोडली. "मले हवा पुरे," ती म्हणाली. तरी माझं समाधान होईना. खोळीच्या आत हात घालून मागची बाजू चाचपायचो, ती मला सादळल्यासारखी लागायची. आतून गंज चढत असेल या विचारानं माझा घास गोड लागत नव्हता.

आणि मग मला ती युक्ती सुचली.

कूलरला दोन बटणं असतात. एक पंख्याचं, एक पंपाचं. पंप बंद केला की पंखा फिरत राहतो, आवाजही तोच राहतो, फक्त ताट्यांवर पाणी पडत नाही. ओलावा नाही, थेंब नाही. आई जेवून एकच्या सुमाराला निजायची. मी पाय न वाजवता जायचो, पंपाचं बटण बंद करायचो आणि तसाच परत यायचो. ताट्या ओल्या असेपर्यंत पंधराएक मिनिटं हवा गार राहते. नंतर पंखा बाहेरची झळ ओढून आत फेकतो. मे महिन्यातली नागपूरची दुपारची झळ काय असते ते मी इथल्या माणसाला सांगायला नको.

आई तीनला उठायची तेव्हा तिच्या मानेखालची उशी भिजलेली असायची.

"कूलर गरम फेकून राहिला गा," ती पहिल्या दिवशी म्हणाली.

"पंप खराब झाला वाटते," मी म्हणालो. "पाहतो मी."

आणि मी पाहिलंसुद्धा! पेचकस आणला, पंप टाकीतून काढला, उघडला, फुंकर मारली, तेल सोडलं, पुन्हा बसवला. आई शेजारी स्टुलावर बसून बघत होती. मालात असलेला दोष शोधण्यात माझी हयात गेली, आणि इथे नसलेला दोष शोधण्याचं नाटक मी इतकं मन लावून केलं की शेवटी मलाच पंपाची काळजी वाटायला लागली. संध्याकाळी तो नीट चालायचा, सकाळीही चालायचा. फक्त दुपारी एक ते तीन बिघडायचा. असा वेळेचा पक्का पंप जगात दुसरा नसेल. बायको म्हणाली, बदलून टाका. मी म्हणालो, मेकॅनिकला सांगितलंय.

हे दोन तास मी कुठे असायचो ते सांगितलंच पाहिजे. मी एसीच्या खोलीत निजायचो.

बारा-तेरा दिवस असे गेले. मग एका सकाळी आईनं पिशवी भरलेली दिसली. नागपूरच्याच बेसा भागात माझी धाकटी बहीण राहते.

"मी बेस्याले जाऊन राहिली आठ दिवस," आई म्हणाली. "तिले कैऱ्या कापाच्या आहे, हाताखाली कोनी नाही."

थांब, असं मी म्हणायला हवं होतं. नव्या पंपाचं आश्वासन द्यायला हवं होतं. निदान, काहून, असं विचारायला तरी हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते हे, "ऑटो आणू काय?" आणि मी इतक्या लगबगीनं आणला की आईचा चहा अर्धाच राहिला. तिला बहिणीच्या दारात सोडून आलो, कूलर पूर्ण बंद केला, टीव्हीची खोळ काढली, वेगळ्या डब्यातलं मऊ कापड काढलं आणि पडदा लख्ख पुसला. त्या संध्याकाळी मी तीन तास टीव्ही बघितला. मला सुटल्यासारखं वाटलं. पोटच्या मुलाला असं वाटू नये, पण वाटलं हे खरं आहे.

आठ दिवसांचे पंधरा झाले. फोन केला की आई म्हणायची, आता कैऱ्या आल्या, आता मसाला कुटून राहिलो, आता जावयाची तब्येत नरम आहे. मी हो हो म्हणायचो. पण हळूहळू टीव्हीसमोर बसलो की मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. बातम्यांत शेत आलं आणि पीक कोणतं ते मला ओळखू आलं नाही. मी हिंगण्याला गेलो ती माती सोडून, मला काय कळणार! दारात येणारी माणसं आत डोकावून "आजी नाहीत?" असं विचारायची आणि उंबऱ्यावरूनच परत जायची. भाजीवाला दोन दिवस थांबला, तिसऱ्या दिवशी आमच्या दारावरून न ओरडता पुढे गेला.

एकदा जेवताना बायको म्हणाली, "आईंना घेऊन या."

"तिला तिथे बरं वाटतंय."

"आणि तुम्हाला इथे?"

मी भातावर वरण घेतलं. ताटं उचलताना तिनं माझं ताट तिथेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी तीच दोन माणसं पुन्हा बोलावली. टीव्ही भिंतीवरून उतरवून मुलाच्या खोलीत नेला. तिथे भिंत आहे पण अंतर नाही. पलंगावर बसलं तर पडदा नाकाला लागतो, एका बाजूचा माणूस दिसला की दुसऱ्या बाजूचा दिसत नाही आणि मान दुखून येते. हॉलच्या भिंतीवर चार भोकं राहिली, जमिनीपासून बरोब्बर मापलेली. कूलरच्या ताट्या पुन्हा बदलल्या. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला पुरावा लागतो, म्हणून मी बाजारात जाऊन नवा पंपसुद्धा आणला. जुना ठणठणीत असताना. नवा पंप बसवला आणि त्याचं रिकामं खोकं पिशवीत घालून भर उन्हात स्कूटरवर बेस्याला गेलो.

बहीण स्वयंपाकघरात होती. आई समोरच्या खोलीत, कूलरपुढे सतरंजीवर बसून कैऱ्यांच्या फोडी फडक्यावर पसरत होती. मी पाणी प्यायलो, घाम पुसला आणि खोकं काढून तिच्यापुढे ठेवलं.

"नवीन पंप आणला आई. आता चल घरी."

आईनं हात पदराला पुसले. खोकं उचललं, उलटंपालटं करून बघितलं.

"टीव्ही?" तिनं विचारलं.

"खोलीत नेला."

"मावला तिथं?"

"तो मावला. आम्ही नाही मावत."

ती हसली. मला जरा हुरूप आला. मी म्हणालो, जुना पंप पार कामातून गेला होता, म्हणून उशीर झाला.

"जुना चांगला होता गा," आई म्हणाली.

मी पिशवीची घडी घालायला लागलो.

"मी जागीच राहत होती. एवढ्या गरमीत निजाले होते काय? तू येत होता, बटन बंद करत होता, मंग थे एसीच्या खोलीचं दार हळूच लावत होता. मले सारं दिसत होतं."

आत कुकरची शिट्टी झाली. बहिणीला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मी सतरंजीचे धागे बघत होतो.

"मंग बोलली काहून नाही?"

"काय बोलू बापा? पोरगा आपल्याच घरात चोरावानी पाय न वाजवता येऊन राहिला, त्याले काय हटकू? मलेच लाज वाटली." तिनं एक फोड उचलून दुसऱ्या जागी ठेवली. "मले विचारलं असतं तं मीच म्हटलं असतं, यंदा कूलर नोको लावू, टीव्ही खराब होते. एवढ्या हौसेनं आणला तू. मी कुठंबी निजली असती, तुमच्या खोलीत खाली निजली असती. तू विचारलंच नाही. पंप खराब झाला म्हनला."

साठीचा माणूस मी, एकतीस वर्षं लोकांच्या मालावर शिक्के मारलेला. कसंबसं म्हणालो, "चुकलं माझं, आई."

"हो, चुकलं," ती म्हणाली. "लोनचं भरून झालं का येतो मी. परवा-तेरवा ये घ्याले."

मग तिनं फडकं बाजूला ओढलं, सतरंजी मोकळी केली आणि उशी माझ्याकडे सरकवली. "उन्हात आला, निज घडीभर."

मी आडवा झालो. झोप येणं शक्य नव्हतं. डोळे मिटून पडलो आणि कूलरमधलं पाणी ताट्यांवर पडताना ऐकत राहिलो. थोड्या वेळानं आई गुडघ्यावर हात ठेवून उठल्याचं जाणवलं. माझी झोप मोडू नये म्हणून ती पाय न वाजवता कूलरपाशी गेली आणि एकेक झडप वळवून सगळा वारा माझ्या अंगावर सोडला.

मी जागाच होतो. पण डोळे उघडायची माझी हिंमत झाली नाही.